सोन्याचं विरजण

कमलाक्षीचं सगळंच गंगाबाईच्या डोळ्यांत खुपायचं. तिचे लांब हात खुपायचे, कामाच्या वेळचं तिचं गुणगुणणं खुपायचं, आणि तिच्या हातचा भात कधी तळाला लागत नसे, हेसुद्धा खुपायचं. पण एकोणीसशे सत्तावन्नच्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, तंजावूरच्या आसारी गल्लीतल्या चिदंबर आसारी सोनारानं आपल्या दुकानाचा केर धुवायला गंगाबाईला सोडून कमलाक्षीला बोलावणं धाडलं, तेव्हा मात्र गंगाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुकानाचा केर तिनं वीस वर्षं धुतला होता.

“अक्का, मी जाऊं का? तुमी नक्को म्हणालां तर नाही जात,” कमलाक्षीनं दारात उभं राहून विचारलं.

“जा की. मला काय करायचें आहे,” गंगाबाई म्हणाली.

कमलाक्षी तिची धाकटी जाऊ. कमलाक्षीचा नवरा तुळजाराम पापनाशमच्या भाताच्या गिरणीत होता, रविवारी तेवढा घरी येई. गंगाबाईचा नवरा वारून दहा वर्षं झाली होती. दोघी एकाच घरात, एका परसात आणि एका विहिरीवर राहत, आणि धंदाही दोघींचा एकच होता.

धंदा म्हणजे झारेकऱ्याचा. सोनाराच्या दुकानात दिवसभर कानस चालते, तिचा कीस उडतो आणि बैठकीखाली, गटारात, कारागिराच्या धोतराच्या निऱ्यांत जाऊन बसतो. तो केर झाडून आणायचा, जाळायचा, कुटायचा, काठवटीत घेऊन पाण्यात हलवत हलवत माती वाहून जाऊ द्यायची आणि तळाला राहिलेलं सोनं सोनाराला नेऊन द्यायचं, त्यातला आपला वाटा घ्यायचा. तंजावुरात अशी आठ घरं होती, पुदुआर कालव्याच्या काठाला. आपले पूर्वज राजाच्या सैन्यामागून सोनारांबरोबर आले, असं त्या घरांतले लोक सांगत. कोणता राजा आणि कोणतं सैन्य, हे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत. पुरुष एकेक करून गिरणीत, रेल्वेत, कचेरीत शिपाई म्हणून लागले होते. काठवट आता बायकांच्याच हाती उरली होती, आणि त्या बायकांत गंगाबाईचा हात पहिला, हे सगळ्यांना मान्य होतं. निदान कमलाक्षी लग्न होऊन येईपर्यंत तरी होतं.

दुखणं हेच होतं की कमलाक्षीला शिकवलं गंगाबाईनंच. सासू आधीच वारली होती, म्हणून शिकवण्याचं काम थोरल्या जावेवर आलं. शिकवताना तिनं फार काही सांगितलं नाही, उलट निम्मं लपवलं. पण ही पोर नुसतं बघून शिकली. वर्षभरात तिची काठवट अशी फिरायला लागली की घाटावर बाकीच्या बायका आपलं काम थांबवून बघत बसत. गंगाबाई तेवढी बघत नसे. ती पाण्यात थुंकायची.

आणि अशात कंपनी आली.

कंपनी म्हणजे म्हैसूरकडच्या सोन्याच्या खाणींतली एक. तिनं आपली जुनी गिरणी पाडली होती, जिथं खाणीतला दगड दळत ती. पन्नास वर्षांच्या दळणात सोन्याची धूळ त्या गिरणीच्या जमिनीत मुरली होती. ती माती खणून काढली, पण तिच्यातलं सोनं इतकं बारीक की मोठ्या यंत्रांतून निसटून जाई. कंपनीत वेंकटरमण नावाचे एक गृहस्थ सोन्याची पारख करत. मूळचे कुंभकोणमचे. लहानपणी त्यांनी गल्लीत केर धुणाऱ्या झारेकरणी पाहिल्या होत्या. त्यांनी वरच्या साहेबांना सांगितलं की ही माती तंजावूरला धाडा. मालगाडीनं पोती आली, पाठोपाठ वेंकटरमण आले, आणि कालव्याच्या काठावर झावळ्यांची शेड उभी राहिली.

“आमच्याकडे खाणीच्या आसपास तुमच्यासारखीच माणसं राहतात,” त्यांनी आठही घरच्या बायकांना बसवून तमिळमध्ये सांगितलं. “ओढ्यात माती धुतात. कंपनी त्यांच्यामागे शिपाई लावते, आणि ती शिपायांना चुकवून धुतच राहतात. दोन्हीकडची शक्ती वाया जाते. मी म्हटलं, एकदा हाताशी धरून बघू. माती कंपनीची, हात तुमचे, आणि सोन्यात तुमचा वाटा. जमलं तर पाच-सहा वर्षांचं काम आहे. पण कंपनीला आठ घरांशी आठ वेळा बोलता यायचं नाही. तुमच्यातली एक मेस्त्री हवी. ती सांगेल तसं सगळ्यांनी बसायचं.”

मेस्त्री! गंगाबाईनं पदर सावरला. बायकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, हे तिला दिसलं. मग त्यांनी कमलाक्षीकडे पाहिलं, हेही दिसलं. शेवटी म्हातारी अंबा म्हणाली, “दोघींना एकेक पोतें द्या, सामी. जिचें सोनें जास्त, ती मेस्त्री.”

वेंकटरमणना ते पटलं. तीन दिवसांची मुदत ठरली. “माती जशी आहे तशी धुवा,” ते म्हणाले. “चौथ्या दिवशी सकाळी मी काटा घेऊन येतो.”

त्या दिवशी गंगाबाई देवाजवळ काय मागत होती, ते सांगायला नको. पैशाअडक्याचं तिच्या मनातही आलं नाही. कमलाक्षीनं रोज सकाळी काठवट घेऊन आपल्यासमोर उभं राहावं आणि ‘कुठें बसूं, अक्का?’ म्हणून विचारावं, एवढंच तिला हवं होतं. आणि उलटं झालं, आपल्यालाच काठवट घेऊन कमलाक्षीसमोर उभं राहावं लागलं, तर? त्यापेक्षा पुदुआरनं पोटात घेतलेलं बरं, असं तिला वाटत होतं.

पोतं तिच्या दारात उतरवून घेताना वेंकटरमण घटकाभर ओट्यावर टेकले. गंगाबाईनं त्यांना ताक दिलं आणि आपली वीस वर्षं ऐकवली. त्यांनीही खूश होऊन खिशातलं भिंग काढलं आणि मातीतला एक कण दाखवला.

“हे बघा अम्मा, खाणीचं सोनं. ह्यात निसर्गाची थोडी चांदी असते, तांबं जवळजवळ नसतंच. सोनाराच्या सोन्यात तांबं असतं, जोडकामाचा डाक असतो. मी तासाभरात सांगतो कोणतं कुठलं. मागं एका गावी एकानं परीक्षेच्या मातीत कानशीचा कीस मिसळला, माती भारी दिसावी म्हणून. त्याच दिवशी त्याला हाकलला. पुन्हा कंपनीच्या दारात उभा केला नाही.”

“अय्यो, असेंसुद्धा करतात माणसें!” गंगाबाई म्हणाली. तेव्हा ते तिनं खरंच मनापासून म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी गंगाबाईनं पोतं सोडलं आणि साहेबानं सांगितल्याप्रमाणे माती जशीच्या तशी काठवटीत घेतली. परसाच्या दुसऱ्या टोकाला कमलाक्षी मात्र शेणी रचत होती.

“हें काय करितेस?” गंगाबाईनं विचारलं.

“जाळितें. आधी जाळायचें, मग धुवायचें, असें तुमीच शिकवलेंत नाही का?”

गंगाबाईला हसू आवरेना. सोनाराच्या केरात केस असतात, चिंध्या असतात, लाख असते, कोळसा असतो, म्हणून तो जाळायचा. खाणीतल्या दगडाच्या पिठाला कुठले आलेत केस? पण तिनं एक शब्द काढला नाही. जाळ बाई, म्हटलं, पोत्यासकट जाळ!

आणि काय ती घाण सुटली! काड्यापेटीचा कारखाना पेटावा तसा वास. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. शेजारीपाजारी नाकाला पदर लावून बाहेर आले, चिदंबर आसारीसुद्धा गल्लीतून ओरडत आला की माझी गिऱ्हाइकं पळाली. कमलाक्षी खोकत खोकत सगळ्यांची माफी मागत होती आणि वारा घालत होती. गंगाबाईनं त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी दोन घास जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासाचा माग काढत वेंकटरमण परसात आले. गंगाबाई पुढे झाली. आता साहेब हिला चांगली फैलावर घेणार, म्हणून ती नीट जागा धरून उभी राहिली. जळलेली माती विटेसारखी लाल झाली होती. वेंकटरमणनी ती चिमटीत घेतली, भिंगाखाली धरली आणि टाळीच वाजवली.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी नाही. आमच्यात पद्धत आहे,” कमलाक्षी भीत भीत म्हणाली.

“अहो, ह्यातलं निम्मं सोनं गंधकाच्या दगडाच्या पोटात अडकलेलं असतं. भाजल्याशिवाय तो दगड सोनं सोडत नाही. आमच्याकडे त्यासाठी घराएवढी भट्टी आहे! ह्या जमिनीच्या मातीत असा दगड असेल हे माझ्याच ध्यानात आलं नाही, आणि तुम्ही शेणीवर भाजून मोकळ्या झालात.”

कमलाक्षीला त्यातलं फारसं कळलं नाही. ती नुसती हसली. गंगाबाईला सगळं कळलं. तिची निम्म्याहून जास्त माती धुऊन झाली होती, वाहून गेलेला गाळ कालव्यात पार कुठल्या कुठे पोचला होता, आणि तिच्या वाटीत काय होतं तर नखावर मावेल एवढं. जी पद्धत तिनं शिकवली तीच तिनं सोडली, आणि जिला शिकवली तिनं ती धरून ठेवली. तिच्या मनात मत्सराचा डोंब उसळला. ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली.

बाहेर कमलाक्षी गुणगुणत माती कुटत होती. त्या गुणगुणण्यानंच घात केला, असं गंगाबाई पुढे स्वतःला सांगत असे. गुणगुणली नसती तर कदाचित मी उठले नसते.

दुपारी कमलाक्षी काठवटी घासायला कालव्यावर गेली. लाल माती परसात सुपात पसरलेली होती. गंगाबाईनं देव्हाऱ्यामागचं गाठोडं काढलं. घरात सोनं म्हणण्यासारखं तेवढंच होतं. सासूनं दिलेला कानशीचा कीस, जुना, तांबूस, चिमूट-दोन चिमूट.

त्या किसाचीही एक रीत होती. झारेकऱ्यांच्या घरी नवी सून काठवटीला बसली की थोरली बाई आपल्याजवळचं चिमूटभर सोनं तिच्या पहिल्या मातीत टाकते. दुधाला विरजण लावतात तसं हे मातीला लावलेलं विरजण. हळदीकुंकू लावून, चार बायकांच्या देखत टाकायचं. सुनेनं ते धुऊन कण न् कण वेचायचं, विड्याच्या पानावर ठेवून चार बायकांच्या देखतच परत करायचं, आणि थोरलीच्या पाया पडायचं. मग ती झारेकरीण झाली. सासूनं गंगाबाईला ते लावलं होतं. कमलाक्षीला लावण्याची पाळी गंगाबाईची होती. आज नको, उद्या, उद्या नको, आडी महिन्याच्या अमावास्येनंतर, असं करता करता आठ वर्षं झाली. सगळ्या तंजावुरातली उत्तम झारेकरीण अजून रीतसर झारेकरीण झालीच नव्हती. कमलाक्षीनं कधी मागितलं नाही, आणि गंगाबाईनं कधी लावलं नाही.

त्या दुपारी विरजण वगैरे काही गंगाबाईच्या डोक्यात नव्हतं. चोरून का कोणी विरजण लावतं? तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: त्याच दिवशी त्याला हाकलला. तिनं गाठ सोडली, परसात गेली, आणि सगळा कीस लाल मातीत टाकून वरून हात फिरवला. मग आत येऊन तिनं तांदूळ निवडायला घेतले.

चौथ्या दिवशी सकाळी घाटावर आठही घरच्या बायका जमल्या. वेंकटरमणनी पेटी उघडून छोटा काटा मांडला. गंगाबाईची वाटी आधी झाली. बरी होती. मग कमलाक्षीची वाटी पारड्यात गेली, आणि बायकांच्या तोंडून एकदमच ‘अम्माडी!’ निघालं. तिप्पट नाही तरी अडीचपट होतं.

गंगाबाई पापणी न लवता बघत होती. आता भिंग निघेल. आता तेजाबाची बाटली निघेल. आता साहेबाच्या कपाळाला आठी पडेल.

भिंग निघालं. वेंकटरमणनी बराच वेळ बघितलं, तेजाबाचा थेंब टाकून पाहिला आणि मान वर केली. “शुद्ध खाणीचं. उत्तम. मेस्त्री ठरली.”

गंगाबाईला काही उमजेना. कीस गेला कुठे?

“थांबा सामी,” कमलाक्षी म्हणाली. तिनं कनवटीचं विड्याचं पान काढलं आणि सगळ्यांसमोर उलगडलं. पानावर हळदीकुंकवाचं बोट होतं, आणि मधोमध तांबूस किसाची बारीकशी रास. “हें अक्कांचें. माझ्या मातींत सापडलें. सगळें वेचलें, एक कण ठेवला नाही.”

वेंकटरमणनी पान हातात घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. “हा कानशीचा कीस आहे. हा तुमच्या मातीत कोणी टाकला?”

“अक्कांनी,” कमलाक्षी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “सासूबाईंचें सोनें आहे हें, दसऱ्याच्या पूजेंत बघितलेलें, रंगावरून ओळखलें मी. विरजण आहे, सामी. आठ वर्षें वाट बघितली. मला वाटे, अक्कांच्या मनास मी आलें नाही. आणि बघा, मी त्यांच्याविरुद्ध धुवायला बसलें, तेव्हां लावलें त्यांनी! आता इतक्या वर्षांनी चार बायकांत लावलें असतें तर मला लाज वाटली असती म्हणून गुपचूप लावलें. आता मी त्यांच्या वर कशी बसूं? मेस्त्री अक्काच.”

आणि ती भर घाटावर गंगाबाईच्या पाया पडली.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अंबानं गंगाबाईच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. वेंकटरमण मात्र पान हातात धरून गंगाबाईकडे बघत होते. ओट्यावर बसून पिऊन गेलेलं ताक त्यांना आठवत होतं, आणि त्यांना ते आठवतंय हे गंगाबाईला दिसत होतं.

गप्प राहिली असती तर तिला हवं ते सगळं पदरात पडलंच होतं. पण पायांवर ते डोकं होतं, ओलं, गरम, आणि तिला ते सोसेना. पुन्हा हीच मोठी! हरवलं हिनं, आणि वर दिलंही हिनंच. आपल्या हाती आपली म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती कितीही काळी असली तरी आपली होती, तीसुद्धा हिनं पांढरी करून टाकली.

“ऊठ,” ती ओरडली. “विरजण नव्हें तें! तुला पाडायला टाकलें मी. तूं चोर ठरावी म्हणून टाकलें. सामींनी मला सांगितलें होतें, सोनाराचें सोनें ओळखूं येतें म्हणून. ऐकलेंस? तुला हाकलून द्यावें म्हणून टाकलें!”

कमलाक्षी रडता रडता हसायलाच लागली.

“बघितलां?” ती बायकांना म्हणाली. “ह्या अशा आहेत. चांगलें केलें तर कबूल करायचें नाही. आठ वर्षांत मला एक गोड शब्द बोलल्या नाहीत, आणि हें असें करून ठेवतात.”

“गंगा लहानपणापासून तशीच,” अंबा म्हणाली. “कौतुक केलें की अंगावर येते.”

बायका हसल्या. एकीनं साहेबांच्या हातातलं पान घेऊन गंगाबाईच्या हातात ठेवलं, दुसरीनं तिच्या कपाळाला विभूती लावली. ती “खरें सांगतें, देवाशपथ खरें,” म्हणत राहिली, आणि ती जितकी म्हणे तितक्या त्या जास्तच हसत.

वेंकटरमणनी वही काढली. “काय लिहू?” त्यांनी कमलाक्षीला विचारलं. “त्या काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?”

“ऐकलें. गंगाबाई लिहा.”

त्यांनी लिहिलं. मग काटा पेटीत ठेवताना ते गंगाबाईजवळ वाकले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “मला पटलं तुमचं, अम्मा. पण इथं माझं कोण ऐकणार? सोमवारी आठ वाजता शेड उघडा.”

ते गेले. गंगाबाई पायरीवर बसून राहिली, हातात पान घेऊन. तिला हवं ते मिळालं होतं. सोमवारपासून कमलाक्षी काठवट घेऊन तिच्यासमोर उभी राहणार होती, आणि कुठें बसूं म्हणून विचारणार होती.

वरच्या पायरीवर, उशिरा आलेल्या दोघी-तिघींना कमलाक्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. अक्कांनी कसं दुपारी, कोणी नसताना, देव्हाऱ्यामागचं गाठोडं सोडलं असेल. त्यांचा हात कसा थरथरला असेल. सासूबाईंची आठवण येऊन त्यांना कसं भरून आलं असेल, आणि तरी जवळचं सगळंच्या सगळं, एक चिमूटही मागे न ठेवता, त्यांनी जावेच्या मातीत कसं टाकलं असेल. बायका मान डोलावत होत्या. गंगाबाई ऐकत होती. मत्सराचा तोच ओळखीचा डोंब उसळला. पण ह्या खेपेला तो कमलाक्षीसाठी नव्हता. कमलाक्षी जिची गोष्ट सांगत होती, त्या गंगाबाईचा तिला हेवा वाटत होता.